रिकाम्या खाटांचे डॉक्टर

आमच्या कॅज्युअल्टीत धावायला मनाई होती. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचा. धावपळ करायची नाही तर कॅज्युअल्टी उघडायची तरी कशाला, असं कोणालाही वाटणारच. पण आमच्या विभागप्रमुख सरांचं म्हणणं ठाम होतं. डॉक्टर धावताना दिसला की पेशंटची नाडी वाढते, नातेवाईक रडायला लागतात, आणि धावणारा स्वतः खाटेपाशी पोचेपर्यंत कशाला आलो होतो ते विसरलेला असतो. सर स्वतः चालत. मात्र त्यांच्या चालण्याबरोबर राहायचं म्हणजे आम्हाला जवळजवळ धावावं लागे, आणि मग ते मागे वळून डोळे वटारत. पायांत कायम चामड्याच्या चपला. बूट घालणारा सर्जन आपल्या पायांपेक्षा बुटांची काळजी जास्त करतो, असं त्यांचं एक मत होतं. त्यांची अशी मतं पुष्कळ होती.

मी चेन्नईत आले ती नवऱ्याच्या बदलीमुळे. त्याला आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात नेमलं, आम्हाला तिथेच क्वार्टर मिळालं, आणि मी एम.बी.बी.एस. होऊन घरात बसले. पुढे शिकायचं होतं, पण तमिळ येत नव्हतं. अशा डॉक्टरला जिथे जायला दुसरं कोणी तयार नसतं तिथेच जागा मिळते. शहरातल्या एका मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात ती मिळाली. विभाग म्हणायचा एवढंच. दोन हजार सालानंतरचा तो काळ. इमर्जन्सी हा शिकण्यासारखा वेगळा विषय आहे, हे आपल्याकडे फारसं कोणी मानत नसे. इतर विभागांत ज्याचं कोणाशी पटत नाही त्याला कॅज्युअल्टीत बसवत. सर मात्र सर्जरीचे चांगले नावाजलेले प्राध्यापक असताना आपण होऊन तिथे गेले होते. त्यामुळे बाकीच्या प्राध्यापकांनी त्यांच्या डोक्याबद्दल काय ठरवायचं ते ठरवून टाकलं होतं.

मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मी इंग्रजीत माफी मागितली. त्यांनी अर्जावरचं आडनाव वाचलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "मराठी काय? आमचेंही घर मराठीच अहे."

ते तंजावरचे. घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं. त्यांचं मराठी ऐकून मला आपण एखाद्या जुन्या बखरीतल्या माणसाशी बोलतोय असं वाटायचं, आणि त्या माणसाला तमिळ हेल होता. माझं मराठी त्यांना नापसंत होतं.

"आम्ही मराठी घेऊन आलों तें नीट बांधून ठेवलों," ते म्हणायचे. "तुम्ही मागें राहिलांत आणि बिघडवलांत."

"सर, तुम्ही 'मी केलों' म्हणता. ते कुठलं मराठी?"

"सरि, सरि. पेशंट बघा."

'सरि' म्हणजे ठीक आहे. आपली बाजू लंगडी पडली की ते तमिळमध्ये शिरत.

पेशंटला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "साप्पिटींगळा?" म्हणजे जेवलात का? चेन्नईत रस्त्यात भेटलेला माणूसही हेच विचारतो, पण स्ट्रेचरवरून रक्तबंबाळ आलेल्याला कोणी विचारत नाही. सर विचारत. डोकं फुटलेल्याला विचारत, छातीत दुखणाऱ्याला विचारत, साप चावलेल्याला विचारत. मला आधी तो नुसता चक्रमपणा वाटला. मग कळलं, की माणसाने "इडली खाल्ली" एवढं जरी उत्तर दिलं तरी त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे, छाती चालते आहे आणि मेंदू ठिकाणावर आहे, हे एका दमात समजतं. वर भूल देणाऱ्याला हवी ती माहिती फुकट मिळते. त्या दिवसांत शोळिंगनल्लूरकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतली पोरंपोरी छातीत दुखतं म्हणून भेदरून येत. हृदय उत्तम असायचं. सर जेवणाबद्दल विचारत, उत्तर यायचं "कॉफी", आणि सर त्यांना इ.सी.जी. काढून दाखवून वर दहीभाताचा उपदेश करत.

साप चावलेल्यांचे नातेवाईक कधीकधी सापच घेऊन येत. एकदा एकाने लोणच्याच्या बरणीत जिवंत साप आणला आणि टेबलावर ठेवला. आमच्यातली अर्धी माणसं धावण्याची बंदी विसरली. सरांनी बरणी उचलली, प्रकाशात धरून बघितली, बिनविषारी आहे असं सांगितलं आणि विचारलं, "छान. आता पेशंट कुठे आहे?" पेशंट घाईत घरी राहिला होता.

विष हा त्यांचा आवडीचा विषय. कॅज्युअल्टीच्या मागच्या कठड्यावर त्यांनी कुंड्या मांडल्या होत्या आणि त्यांत सगळी विषारी झाडं लावली होती: पिवळी कण्हेर, धोतरा, गुंज, कळलावी. पाणी स्वतः घालत. डीनना ही बाग मुळीच आवडत नसे. रुग्णालयाने विष पिकवणं बरं दिसत नाही, असं ते म्हणत. त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही, म्हणून सरांनी कठड्याला जाळी लावून तिला कुलूप घातलं. पण दर सोमवारी सकाळी आम्हाला तिथे उभं करून पानं, फुलं, बिया ओळखायला लावत. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात जेवढ्या शिव्या खाल्ल्या नसतील तेवढ्या आम्ही तिथे खाल्ल्या. मग एक दिवस एक आई पोराला खांद्यावर घेऊन आली. पोराला उलट्या होत होत्या. तिच्या मुठीत एक अर्धवट चावलेली बी होती, आणि काय आहे ते तिला सांगता येत नव्हतं. आमच्यातल्या मदुरैच्या मुलाने ती बघताक्षणी "अरळी" म्हटलं. अरळी म्हणजे कण्हेर. पोराला लगेच मॉनिटर लावला, हृदयाचे ठोके चुकायला लागले तेव्हा औषध तयार होतं, आणि पोर वाचलं. सरांनी शाबासकी दिली नाही. फक्त पुढच्या सोमवारी कुंड्यांना पाणी घालायचा मान मदुरैवाल्याला मिळाला.

आम्ही शिकणारे तिघं होतो. मी, तिरुनेलवेलीची एक अबोल मुलगी आणि हा मदुरैवाला. माझ्याजवळ सोडण्यासारखं काही नव्हतं, पण त्याने हाडांच्या विभागातली हातची जागा सोडली होती. एकदा सरांचं व्याख्यान ऐकलं आणि पोरगा बिघडला, असं त्याच्या घरी म्हणत. आमच्या शिक्षणाला तेव्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रापलीकडे किंमत नव्हती. दिल्लीहून तपासणी पथक येईल, विभाग बघेल, मान्यता देईल, आणि मग आम्हाला खरी पदवीपरीक्षा देता येईल, अशी सगळी आशा होती. नाहीतर आमची ती वर्षं पाण्यात.

आता सरांच्या दोन हट्टांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांतूनच झालं.

पहिला हट्ट खोटं न बोलण्याचा. सर्वसाधारणपणे ते हरिश्चंद्र होते असं मी म्हणणार नाही. बायकोला फोनवर "निघालों" म्हणून सांगत आणि पुन्हा स्ट्रेचरकडे वळत. पण खाटेपाशी उभं राहून बोललेला शब्द खरा असला पाहिजे, यात त्यांची तडजोड नव्हती. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून एक कामगार आला होता. त्याचा पंजा प्रेसमध्ये चिरडला होता. तो सारखा विचारत होता, हात राहील ना? इंटर्न पोराने नेहमीप्रमाणे "ऒण्णुम् इल्ले, ऒण्णुम् इल्ले" लावलं होतं. काही नाही, काही झालेलं नाही. सरांनी पोराला बाजूला केलं, खाली वाकले आणि शांतपणे सांगितलं, "बोटं जातील. हात ठेवायचा प्रयत्न करतो. जिवाला धोका नाही."  त्या माणसाचं सारखं विचारणं थांबलं आणि त्याने बायकोला काय सांगायचं ते आम्हाला नीट सांगितलं.

नंतर सर आम्हाला म्हणाले, "औषध पोंचण्याआधीं आपला शब्द पोंचतो, मा. तो खोटा निघाला तर मागून येणाऱ्या औषधावर कोण विश्वास ठेवील?" 'मा' म्हणजे पोरी; मला ते तसंच म्हणत.

दुसरा हट्ट रिकाम्या खाटांचा. कॅज्युअल्टीत पेशंट साठला की सरांचा जीव वर-खाली व्हायचा. आलेला माणूस सावरायचा आणि ऑपरेशनला, वॉर्डात किंवा घरी, जिथे जायला हवा तिथे लवकर पाठवायचा. वॉर्डवाले जागा नाही म्हणाले की सर स्वतः स्ट्रेचर ढकलत तिथे जाऊन उभे राहत, आणि जागा निघे. सकाळच्या फेरीला सगळ्या खाटा रिकाम्या, चादरी ताणलेल्या दिसल्या की चेहऱ्यावर तसं समाधान दिसे, जसं आमच्या घरी सत्यनारायण आटोपल्यावर आईच्या चेहऱ्यावर असायचं. रिकामी खाट म्हणजे पुढच्या येणाऱ्यासाठी तयार खाट, हे त्यांनी आमच्या डोक्यात इतकं भरलं होतं की आजही भरलेला विभाग बघून मला अस्वस्थ वाटतं.

तपासणीला दिल्लीहून दोन गृहस्थ आले ते सकाळी, फेरीनंतर. सगळ्या खाटा रिकाम्या होत्या. त्यांच्यातले ज्येष्ठ गृहस्थ विभागाच्या मध्यभागी उभे राहून इकडेतिकडे बघत राहिले.

"डॉक्टर, तुमचे पेशंट कुठे आहेत?"

"बरेचसे वॉर्डात. काही ऑपरेशनला. काही घरी," सर इंग्रजीत म्हणाले. आवाजात अभिमान होता.

"इथे कोणीच नाही?"

"इथे कशाला राहतील? ही काय धर्मशाळा आहे?"

त्या गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांना वैद्यकीय महाविद्यालयं तपासायची सवय होती, आणि तिथे खाटा मोजायची रीत आहे. खाट भरलेली तर शिकवायला पेशंट आहेत, खाट रिकामी तर नाहीत. दिल्लीहून उत्तर आलं, पुरेसे रुग्ण नसल्यामुळे मान्यता देता येत नाही. सरांनी ते आम्हाला वाचून दाखवलं आणि खूप हसले. मीही हसले. मदुरैवाला हसला नाही, आणि ते सरांच्या लक्षात आलं.

त्यानंतर काही दिवसांनी त्याचे वडील आले. निवृत्त शाळामास्तर, पांढरं वेष्टी-धोतर, काखेत छत्री. दुपारभर बाकावर बसून त्यांनी आमचं काम बघितलं. सर मोकळे झाल्यावर उठून उभे राहिले आणि एवढंच विचारलं, "माझ्या मुलाच्या नावापुढे काय लागेल?"

दुसरं कोणी असतं तर त्याने मुलाची तारीफ केली असती, विषयाचं भविष्य सांगितलं असतं. सर म्हणाले, "आत्ता तरी काही नाही."

मास्तरांनी मान हलवली, हात जोडले आणि निघाले. त्यांची ऑटो फाटकाबाहेर जाईपर्यंत सर दारात उभे होते. त्या संध्याकाळी त्यांनी कुंड्यांना पाणी घातलं नाही, हे मला आठवतं, कारण मग ते मी घातलं.

वर्षभराने पुन्हा तपासणी ठरली. या वेळी नकार आला तर रुग्णालय हा अभ्यासक्रम बंद करणार होतं. डीन स्वतः खाली आले. ते एकेकाळी सरांचेच विद्यार्थी, त्यामुळे आवाज मऊ ठेवून बोलत.

"सार, एक दिवस. फक्त एक सकाळ खाटा भरलेल्या दिसू देत. माणसं मी पाठवतो. सगळीकडे असंच चालतं."

माणसं म्हणजे रुग्णालयातल्या नोकरांचे नातेवाईक. त्यांना झोपवायचं, हाताला पट्टी नाहीतर सलाईन लावायचं, आणि तपासणी संपली की कॉफी पाजून घरी पाठवायचं. आता डीन चपलेचा मार खाणार, अशा अपेक्षेने आम्ही तिघं उभे होतो. सरांनी मदुरैवाल्याकडे एकदा बघितलं.

"सरि," ते म्हणाले. "पाठवा."

आम्हाला धक्का बसला, पण खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. आम्ही जोरात तयारीला लागलो. आणि तपासणीच्या आदल्या दुपारी सरांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की उद्या तुम्ही तिघांनी गुम्मिडिपूंडीला जायचं, तिथल्या कामगारांना प्रथमोपचार शिकवायचे.

"सर, उद्या?" मी म्हटलं. "उद्या आम्हीच नसलो तर ते बघणार काय?"

"तुमचे कागद बघतील. आतां बोलूं नका. जा."

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये मदुरैवाला खिडकीबाहेर बघत बसला होता. एन्नूरच्या पुढे गेल्यावर म्हणाला, "सरांना आपली लाज वाटते. आपण काहीतरी चुकीचं बोलू याची भीती वाटते." मलाही तेच वाटत होतं. अबोल मुलगी तर रडतच होती. दिवसभर आम्ही कामगारांना एकमेकांच्या हातांना पट्ट्या बांधायला लावल्या. ते बिचारे मन लावून शिकत होते आणि आमचं चित्त भलतीकडेच होतं.

उन्हं कलायच्या आत परतलो. खाटा रिकाम्या होत्या, चादरी बदललेल्या. सर एका खाटेच्या कडेवर बसले होते. मी त्यांना पेशंटच्या खाटेवर बसलेलं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी शिबिराची सगळी चौकशी केली, कोणाला पट्टी जमली, कोणाला नाही. तपासणीबद्दल एक शब्द काढला नाही, आणि आमची विचारायची हिंमत झाली नाही.

काय घडलं ते दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये हेड सिस्टरनी सांगितलं. या केरळच्या, विभाग सुरू झाल्यापासून सरांबरोबर असलेल्या. खाटा पूर्ण भरल्या होत्या. डीनच्या ड्रायव्हरची आई, धोब्याचा काका, लिफ्टवरची माणसं. सरांनी दिल्लीच्या पाहुण्यांना एकेका खाटेपाशी नेलं आणि प्रत्येकाचा आजार स्वतः सांगितला. काय झालं, कधी आला, काय दिलं, आता पुढे काय.

"सार इतकं सुंदर खोटं बोलले," सिस्टर म्हणाल्या, "की मलाच त्या लिफ्टवाल्याची काळजी वाटायला लागली. सिस्टरांना काही विचारू नका, मी सांगतो, असं त्यांनी पाहुण्यांना सुरुवातीलाच बजावलं होतं. पाहुण्यांनी विचारलं, तुमचे विद्यार्थी कुठे? सार म्हणाले, गुम्मिडिपूंडीला, कामगारांना शिकवतायत. पाहुणे खूश झाले."

"मग?"

"मग ते गेले. सार पुन्हा प्रत्येक खाटेपाशी गेले आणि हात जोडून माफी मागितली. ड्रायव्हरची आई घाबरून रडायला लागली. तिला वाटलं आपल्याला खरंच काही झालंय आणि हे सांगत नाहीत. तिला समजावण्यात अर्धा तास गेला. आणि मग सार वर जाऊन डीनना राजीनामा देऊन आले."

 सरांच्या निवृत्तीला अजून पुष्कळ अवकाश होता. डीननी सगळ्यांना तब्येतीचं कारण सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. सरांनी निरोप समारंभ करू दिला नाही. शेवटच्या दिवशी नेहमीसारखी फेरी घेतली आणि चालत फाटकाबाहेर गेले. आम्हाला राग आला होता, हे मी लपवत नाही. ऐन वेळी आम्हाला दूर ढकललं आणि मग सोडूनच गेले, असं आम्ही एकमेकांत बोलत होतो.

मान्यता आली. परीक्षा झाल्या. तिघंही पास झालो, आणि मदुरैचे मास्तर छत्री घेऊन पुन्हा आले ते या वेळी मिठाईचा पुडा घेऊन. मी पेढ्यांचा डबा घेऊन पश्चिम मांबळमला सरांच्या घरी गेले. ते ओसरीवरच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते, जरा वाळल्यासारखे दिसत होते. मी वाकून नमस्कार केला. तिघांचे निकाल त्यांना माहीत होते. विभागाच्या पाटीवर मान्यता मिळवून देणारे म्हणून त्यांचं नाव घालायचं डीनच्या मनात आहे, असं मी सांगितलं.

"नको म्हणून सांगा," ते म्हणाले. "बाकी काहींही घालूं देत. तें नको."

मग मला राहवलं नाही. "सर, त्या दिवशी आम्हाला गुम्मिडिपूंडीला का पाठवलंत?"

"शिबिर होतें की नाहीं?"

"होतं. पण ते पुढच्या आठवड्यातही झालं असतं."

त्यांनी पेपरची घडी घातली. "तिथें असतांत तर मी जें म्हटलों त्यास तुम्ही तिघेही होय म्हटलां असतांत. म्हणावेंच लागलें असतें."

"म्हटलं असतं, सर. आमच्यासाठीच तर होतं ते सगळं."

"तुम्हांस अजून पुष्कळ वर्षें खाटेपाशीं उभें राहून बोलायचें अहे, मा."

"आणि तुम्हाला नव्हतं बोलायचं?"

"होतें," ते म्हणाले. "म्हणून तर सोडलों."

त्यांनी डबा उघडून एक पेढा तोंडात टाकला, छान आहे म्हणाले आणि डबा माझ्यापुढे सरकवला. मी एक उचलला आणि तो हातात धरूनच पुन्हा वाकून नमस्कार केला.